घरातला मधुमेह आणि घरातलाच किडनीचा आजार: आनुवंशिक कारणाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

वडिलांना मधुमेह होता आणि शेवटची काही वर्षे ते डायलिसिसवर होते. धाकट्या काकांचेही तसेच झाले. आता थोरल्या भावाच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. अशा घरात पुष्कळदा एकच गोष्ट होते: सर्वांत तरुण आणि धडधाकट मुलाचे रक्त जनुकीय तपासणीसाठी पाठवले जाते. काही आठवड्यांनी ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल येतो, घर निर्धास्त होते, आणि पुढची कित्येक वर्षे त्या मुलाच्या लघवीची साधी तपासणीसुद्धा कोणी करत नाही. त्या अहवालाने मुलाबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेले नसते. क्रम चुकला की खर्च होतो, वेळ जातो आणि खोटा दिलासा मिळतो. हा लेख त्या क्रमाविषयी आहे. त्यातले वैद्यकीय निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचे आहेत, पण त्यांच्यापुढे काय घेऊन जायचे, हे घरच्यांच्या हातात असते.

आधी प्रश्न नक्की करावा

‘आनुवंशिक कारण’ या दोन शब्दांत दोन वेगळे प्रश्न लपलेले आहेत. पहिला प्रश्न प्रवृत्तीचा आहे: सारखीच साखर, सारखीच वर्षे, तरी एकाची किडनी बिघडते आणि दुसऱ्याची का टिकते? यात अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १९ हजारांहून अधिक लोकांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीओएल४ए३ या जनुकातला एक बदल किडनीचे रक्षण करणारा आढळला. संशोधनासाठी ही मोलाची गोष्ट आहे, परंतु एखाद्या व्यक्तीचे औषध बदलावे इतके बळ अशा माहितीला अजून आलेले नाही.

दुसरा प्रश्न असा, की घरात एकाच जनुकातील दोषाने होणारा एखादा आजार आहे का, ज्याला आजवर ‘मधुमेहाची किडनी’ समजले गेले? याचे उत्तर आज मिळू शकते, आणि मिळाले तर उपचार, प्रत्यारोपणासाठी दाता कोण असावा हा निर्णय आणि भावंडांची देखरेख, तिन्ही बदलतात. पुढचे सगळे टप्पे या दुसऱ्या प्रश्नासाठी आहेत.

सावधगिरी: घरपोच लाळेच्या नमुन्यावर ‘किडनीचा धोका’ टक्केवारीत सांगणारी पाकिटे या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. त्या पैशांत घरातल्या प्रत्येक मधुमेही माणसाची लघवी आणि रक्तातले क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासून होईल.

टप्पा १: जुन्या फायली काढणे

प्रत्येक आजारी व्यक्तीसाठी चार तारखा शोधाव्यात: मधुमेह कळला ते वर्ष, लघवीत प्रथिने प्रथम आढळली ते वर्ष, क्रिएटिनिन प्रथम वाढलेले दिसले ते वर्ष, आणि डायलिसिस किंवा प्रत्यारोपण झाले असल्यास ते वर्ष. सर्वांत ताजा अहवाल हाताशी असतोच, पण निदानाला उपयोगी पडतो तो सर्वांत जुना. मधुमेह कळण्याच्या आधीच क्रिएटिनिन वाढलेले असल्याचा एखादा पिवळा पडलेला कागद सापडला, तर शोधाची दिशाच बदलते. सोनोग्राफीचे अहवाल, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, बायोप्सी झाली असल्यास तिचा अहवाल आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड, हे सगळे एका फायलीत वर्षवार लावावे.

निवर्तलेल्या व्यक्तींच्या बाबतीत मृत्यूच्या कागदावर विसंबू नये. ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिलेले असते, आणि ते कोणत्याही मृत्यूबद्दल खरे असते.

टप्पा २: वंशवृक्ष काढणे, आजोळासह

माझ्या मते सर्वांत अधिक वेळ द्यावा तो इथे, आणि लोक सर्वांत कमी वेळ देतात तोही इथेच. आपल्याकडे अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत आणि कुटुंबे ते अभिमानाने डॉक्टरांपुढे ठेवतात. परंतु ते बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ जपण्यासाठी लिहिलेले असतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा तिथे फार तर उल्लेख उरतो, आणि सून ज्या घरातून आली त्या घराचे आडनाव व गाव यापलीकडे काही नसते. जनुके मात्र आई आणि वडील दोघांकडून येतात, आणि मधुमेहासह किडनी बिघडवणारा एक महत्त्वाचा दोष तर केवळ आईकडूनच येतो. त्यामुळे कुलवृत्तान्ताचा आधार घ्यावा, पण त्यालाच वंशवृक्ष समजू नये.

मोठा कोरा कागद आडवा धरावा. किमान तीन पिढ्या घ्याव्यात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढावे. मधुमेह असेल तर डावा अर्धा भाग आणि किडनीचा आजार असेल तर उजवा अर्धा भाग रंगवावा. निवर्तलेल्यांवर तिरकी रेघ मारून मृत्यूचे वय लिहावे. वडिलांकडचे सगळे लिहून झाल्यावर थांबू नये, तितक्याच बारकाईने मामा, मावश्या, आईची आई आणि तिची भावंडे लिहावीत. प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे माहेरचे आडनाव हवे.

विचारण्याची पद्धत निर्णायक ठरते. ‘आपल्यात कोणाला किडनीचा आजार होता का?’ असे विचारले तर जुन्या माणसांचे उत्तर ‘नाही’ असेच येते, कारण त्या काळी निदानच झालेले नसते. त्याऐवजी दिसलेल्या गोष्टी विचाराव्यात: शेवटच्या दिवसांत तोंडावर, पायांवर सूज होती का? लघवी कमी झाली होती का? तरुणपणीच कानाने कमी ऐकू येऊ लागले होते का? पायाचा अंगठा वरचेवर सुजून लाल होत असे का? लघवी कधी तांबूस झाली होती का? सोनोग्राफीत कोणाला ‘एकच किडनी’ किंवा ‘पाण्याच्या गाठी’ सांगितल्या होत्या का? ऐंशीच्या घरातल्या एखाद्या मावशी अशा वेळी सहज सांगून जातात, “त्याला साखर नव्हती रे कधी, नुसती सूज यायची, आणि हाका मारल्या तर ऐकू जायचं नाही.” त्या एका वाक्यात मधुमेहाविना किडनीचा आजार आणि बहिरेपणा हे दोन दुवे असतात, आणि ते कोणत्याही फायलीत सापडले नसते. मावशींचे वाक्य जसेच्या तसे टिपून ठेवावे, त्याचे वैद्यकीय भाषांतर आपण करू नये.

आणखी तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली, नात्यातले लग्न: मामाच्या किंवा आत्याच्या घरातली सोयरीक झाली असल्यास दोन्ही बाजूंना जोडणारी दुहेरी रेघ काढावी, कारण आई-वडील दोघांकडून दोष आल्यावरच प्रकट होणारे आजार अशा कुटुंबांत अधिक संभवतात. दुसरी, दत्तकविधान: भावकीतून किंवा मुलीच्या मुलाला दत्तक घेतल्यास कागदावरचे वडील आणि जन्मदाते वडील वेगळे असतात. तिसरी, सावत्र भावंडे: आजोबांचे दुसरे लग्न झाले होते का, आणि कोणती मुले कोणत्या आईची? हे प्रश्न भरल्या घरात, सुना-जावयांसमोर विचारू नयेत. एकट्याने, शांतपणे विचारावेत, आणि सांगणाऱ्याने ‘हे लिहू नकोस’ म्हटले तर लिहू नये. हवे तर ती व्यक्ती स्वतः डॉक्टरांना सांगेल.

पडताळणी: कागद पूर्ण झाल्यावर दोन खुणा शोधाव्यात. एका पित्याकडून त्याच्या मुलाला आजार गेलेला दिसत असेल, आणि त्या मुलाच्या आईकडे तसा आजार नसेल, तर केवळ आईकडून येणारा किंवा एक्स गुणसूत्रावरचा दोष बहुधा वगळता येतो. याउलट, आजारी स्त्रीच्या बहुतेक अपत्यांना त्रास आहे आणि आजारी पुरुषाच्या एकाही अपत्याला नाही, असे दिसले तर त्या ओळीभोवती ठळक वर्तुळ करावे.

टप्पा ३: किडनीचा आजार आहे का, आणि तो मधुमेहाचाच आहे का

वंशवृक्षात रंगवलेल्या प्रत्येक जिवंत व्यक्तीचे निदान आता पक्के करावे. त्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर मोजतात. ते प्रति ग्रॅम ३० मिलिग्रॅमच्या आत असावे, ३० ते ३०० म्हणजे वाढलेले, ३०० च्या वर म्हणजे बरेच वाढलेले. एकाच अहवालावर शिक्का मारू नये. तीन ते सहा महिन्यांत केलेल्या तीन तपासण्यांपैकी दोन वाढलेल्या असाव्या लागतात. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम किंवा फार चढलेली साखर असताना हे गुणोत्तर उगाच वाढते.

रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनीची गाळण्याची क्षमता (अहवालात ‘ईजीएफआर’) काढतात. ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली तर तो दीर्घकालीन आजार समजतात. क्रिएटिनिनचा नुसता आकडा बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणणे ही नेहमीची चूक आहे, कारण कृश, वयस्कर स्त्रीचे क्रिएटिनिन १ असले तरी तिची गाळण्याची क्षमता कमी झालेली असू शकते.

त्यानंतरचा प्रश्न कारणाचा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात किडनीवर परिणाम दिसायला साधारणतः दहा वर्षे तरी लागतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांतच भरपूर प्रथिने जाऊ लागली तर संशय घ्यावा. दुसऱ्या प्रकारात मधुमेह नेमका कधी सुरू झाला हेच ठाऊक नसते, म्हणून तिथे हा हिशेब तितका चालत नाही. डोळ्यांचा पडदा स्वच्छ असून लघवीत प्रथिने जात असणे, लघवीत सतत रक्तपेशी दिसणे, अल्ब्युमिन जवळजवळ न जाता क्षमता घटत जाणे, सोनोग्राफीत गाठी किंवा लहान अथवा एकच किडनी दिसणे, लहान वयातला बहिरेपणा, आणि मधुमेह नसलेल्या नातलगांनाही किडनीचा आजार असणे, या खुणा दुसऱ्या आजाराकडे बोट दाखवतात. यांपैकी शेवटची मला सर्वांत बोलकी वाटते, आणि ती केवळ दुसऱ्या टप्प्यातल्या कागदावर दिसते.

सावधगिरी: एका घरात दिसतो तो प्रत्येक आजार रक्तातून आलेला नसतो. एकाच घरातली माणसे एकाच चुलीवरचे मीठ खातात, पाठदुखीसाठी त्याच दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणतात, एकाच वैदूकडची भस्मे घेतात. किडनीतले खडे आणि वर्षानुवर्षे न तपासलेला रक्तदाबही कुटुंबात पसरलेला दिसतो. ही माहिती वंशवृक्षाच्या कडेला प्रत्येकाच्या नावे लिहावी.

टप्पा ४: मधुमेहाचा प्रकार तपासणे

पस्तिशीच्या आत मधुमेह, सडपातळ बांधा आणि सलग तीन पिढ्या असे चित्र असेल तर एका जनुकामुळे होणाऱ्या मधुमेहाचा विचार करावा. आधी स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडे आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारा घटक) तपासतात. इथे एक सापळा आहे: सी-पेप्टाइड किडनीतून बाहेर पडत असल्याने किडनी निकामी झालेल्या रुग्णात ते खोटेच वाढलेले दिसते. डायलिसिसवरील, रक्तक्षय असलेल्या किंवा रक्त चढवलेल्या रुग्णात एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणीसुद्धा दिशाभूल करते.

तीन नमुने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एचएनएफ१बी या जनुकातील दोषात तरुण वयातला मधुमेह, किडनीत गाठी किंवा लहान किडनी, रक्तात कमी मॅग्नेशियम आणि काही स्त्रियांत गर्भाशयाच्या रचनेतील फरक एकत्र येतात. हा दोष सुमारे निम्म्या रुग्णांत नव्यानेच उद्भवलेला असतो, त्यामुळे आई-वडील निरोगी आहेत म्हणून तो वगळता येत नाही. दुसरा, मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातील) जनुकांत ३२४३ या स्थानावरचा बदल: मधुमेह, बहिरेपणा आणि किडनीचा आजार यांची ही साखळी आईकडूनच पुढे जाते, आणि तो सापडला तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध चालू ठेवावे का याचा डॉक्टरांना फेरविचार करावा लागतो. तिसरा, जीसीके या जनुकातला दोष: यात उपाशीपोटीची साखर जन्मभर किंचित वाढलेली असते आणि सहसा त्याने किडनी बिघडत नाही, म्हणून जीसीकेचा दोष असलेल्या माणसाची किडनी बिघडलीच तर कारण दुसरीकडे शोधावे.

टप्पा ५: आधी कोणाची तपासणी

सर्वांत कमी वयात, सर्वांत स्पष्टपणे आजारी पडलेल्या जिवंत व्यक्तीची. निरोगी मुलाची नव्हे. आजारी माणसात दोष सापडल्यावर त्या एका नेमक्या दोषासाठी इतरांना तपासणे सोपे आणि स्वस्त असते, आणि तेव्हाच नकारात्मक उत्तराला अर्थ येतो. आजारी माणसात काय आहे हे ठाऊक नसताना निरोगी मुलाचा कोरा अहवाल म्हणजे कोणते कुलूप आहे हे न बघता किल्ली चुकीची ठरवणे होय.

इथेच आणखी एक चूक होते. तीन वर्षांपासून मधुमेह असलेल्या आणि लघवी स्वच्छ असलेल्या बहिणीला कागदावर ‘किडनी निरोगी’ म्हणून लिहिले जाते. तिला अजून पुरेशी वर्षेच झालेली नाहीत. पंधरा-वीस वर्षे मधुमेह असूनही लघवी स्वच्छ राहिलेल्या भावंडालाच किडनीच्या आजारापासून बचावलेले म्हणता येते. बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

नमुना देण्यापूर्वी आनुवंशिकी तज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोलणे झालेच पाहिजे: काय सापडू शकते, न शोधलेले दुसरेच काही सापडले तर ते कळवावे का, आणि अहवाल कोणाला दाखवायचा. आयुर्विमा किंवा आरोग्यविमा घ्यायचा विचार असल्यास तोही प्रश्न याच वेळी मांडावा. लहान मुलांची तपासणी, लगेच उपचाराचा फायदा होणार नसेल तर, ती सज्ञान होईपर्यंत थांबवावी.

टप्पा ६: योग्य तपासणी आणि योग्य नमुना

‘सगळी जनुके तपासा’ असे म्हणून भागत नाही, कारण कोणतीच तपासणी सगळे पाहत नाही. चिठ्ठीवर संशयित आजाराचे नाव आणि सोबत वंशवृक्षाची प्रत असावी. एचएनएफ१बीमध्ये बऱ्याचदा अख्खे जनुकच गळालेले असते, त्यामुळे गळालेले तुकडे मोजणारी तपासणी समाविष्ट आहे का, हे प्रयोगशाळेला लेखी विचारावे. गाठींच्या किडनीशी संबंधित पीकेडी१ या जनुकाच्या जवळपास हुबेहूब नकला गुणसूत्रावर आहेत, म्हणून त्यासाठी खास पद्धत लागते. एमयूसी१ या, किडनीच्याच आणखी एका आनुवंशिक आजाराच्या जनुकातला नेहमीचा दोष तर प्रचलित पद्धतीला दिसतच नाही.

रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. उपाशी राहण्याची गरज नसते. अलीकडे रक्त चढवले असल्यास किंवा पूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असल्यास ते आधीच सांगावे. मायटोकॉन्ड्रियातील ३२४३ चा बदल वय वाढेल तसा रक्तातून कमी होत जातो, म्हणून प्रौढांत लघवीतील पेशींचा नमुना अधिक भरवशाचा असतो.

सावधगिरी: किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या लघवीत दात्याच्या पेशी येतात. त्याच्या लघवीची जनुकीय तपासणी केली, तर अहवाल दुसऱ्याच माणसाचा येऊ शकतो.

टप्पा ७: अहवाल वाचणे

अहवालात प्रत्येक बदलाला पाचांपैकी एक वर्ग दिलेला असतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. गोंधळ मधल्या वर्गाचा होतो. ‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे अर्धा दोष नव्हे. हा बदल आजार घडवतो की नुसताच असतो हे ठरवण्याइतका पुरावा नाही, एवढेच. भारतीय कुटुंबांत हा वर्ग वारंवार येतो, कारण तुलनेसाठी वापरले जाणारे जनुकसंग्रह दीर्घकाळ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. जीनोमइंडिया प्रकल्पातून सुमारे १० हजार भारतीयांची माहिती संशोधकांना उपलब्ध होऊ लागली आहे, त्यामुळे आज अनिश्चित असलेला बदल काही वर्षांनी एका बाजूला झुकू शकतो. अशा बदलावरून कोणाचे लग्न थांबवू नये, औषध बदलू नये, दाता बाद करू नये.

त्याला अर्थ देण्याचा एक मार्ग घरातच असतो: तो बदल घरातल्या खऱ्याखुऱ्या आजारी माणसांत आहे का, आणि वय होऊनही निरोगी राहिलेल्यांत नाही का, हे तपासणे. दूरचा आजारी नातलग, म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ, इथे सख्ख्या भावापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण सख्ख्या भावंडांत निम्मी जनुके तशीही समान असतात.

पडताळणी: अहवालात काहीच आढळले नाही, तर आजार आनुवंशिक नाही असे सिद्ध होत नाही. कोणती जनुके, कोणत्या पद्धतीने तपासली आणि काय तपासले नाही, हे अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असते. ते पान हरवू नये.

टप्पा ८: इतर नातलग, दाता आणि वार्षिक तपासण्या

किडनी देण्यास पुढे आलेल्या भावाची किंवा आईची, घरातला दोष ठाऊक झाल्यावर, त्या दोषासाठी तपासणी झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. आपल्याकडे आई फार लवकर पुढे येते. आईकडून येणारा दोष असेल, तर तिची एक किडनी काढणे तिच्यासाठीही धोक्याचे आहे आणि मुलासाठीही टिकाऊ नाही. हे तिला कोणीतरी प्रेमाने, वेळ देऊन समजावले पाहिजे.

दोष सापडला नाही, तरी मधुमेही भावंडांची देखरेख सुरू होतेच. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, किडनी बिघडलेल्या रुग्णांच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्क्यांत किडनीवर परिणाम आढळला. किडनी शाबूत असलेल्या रुग्णांच्या मधुमेही भावंडांत हे प्रमाण १७ टक्के होते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदानापासून, आणि पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर, दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासावे.

जनुकीय अहवालाची वाट बघत रक्तदाबाची किंवा किडनीरक्षक औषधे थांबवू नयेत. किडनीसाठी दिली जाणारी रक्तदाबाची काही औषधे गर्भाला अपाय करतात, त्यामुळे अपत्याचा विचार करणाऱ्या लेकी-सुनांनी ते डॉक्टरांना गर्भधारणेपूर्वी सांगावे.

वंशवृक्षाच्या तीन प्रती काढून, तारीख घालून, एक रुग्णाच्या फायलीत, एक वडिलांकडच्या आणि एक आईकडच्या घरात ठेवावी. दर दोन वर्षांनी, किंवा घरात नवे निदान होईल तेव्हा, तिन्ही प्रतींत एकाच दिवशी भर घालावी आणि अनिश्चित बदलाचा फेरआढावा घेण्यासाठी तीच प्रत तज्ज्ञांकडे न्यावी.